वजनकाट्यावरून

कामठीच्या भरतीत माझे सपाट पाय पाहून
डॉक्टर म्हणाला, घरी जा.
तेव्हापासून युद्धाबद्दलची माझी मतं
जरा मोठ्या आवाजात असतात.

सत्तावीस वर्षं झाली, देवळीच्या अलीकडे
सरकीच्या मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी माझी.
संध्याकाळी लोणकराच्या पानठेल्यावर
कोणत्या देशाशी बोलायचं, कोणाचं पाणी तोडायचं,
दिल्लीतल्यानं कोणाच्या गळ्यात पडू नये,
हे खर्रा घोटता घोटता सांगत आलो.
एकदा तर आमच्या चौघांत
दोन शेजारी देश नकाशावरून गेले
आणि खर्र्याचे पैसे उधार राहिले.

मग वैशाखातल्या एका रात्री सराव होता.
तहसीलमधून कागद आला:
गावात भोंगा नसल्यास मिलचा वापरावा.
साडेआठला मी बटण दाबलं.
दिवे गेले. कुत्री रडायला लागली.
मी छाती काढून उभा,
जणू सरहद्द आमच्या फाटकापासूनच सुरू होते.

दहा मिनिटांत फाटकाशी बाया आल्या.
अंधारातून, हातात डबे,
डोक्याला रुमाल बांधत बांधत.
त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.
भोंगा वाजला म्हणजे पाळी लागली,
एवढंच त्यांना ठाऊक.

पंचफुला उईके पुढे होती.
"काय बाबू, रातपाळी लावली का?"
"नाही वो बाई, हा लढाईचा भोंगा."
ती थांबली. तिचा अंकुश वर कुठेतरी बर्फात आहे,
फोनवर जागा सांगत नाही.
फोन वाजला की ती आधी हात पुसते.
"मंग आमी कुठं लपाचं?"
मी टॉर्चवर तळहात धरून कागद वाचला.
पक्क्या इमारतीत, असं होतं.

पक्की इमारत एकच, लवेचं गोदाम.
सरकीच्या पाठीवरून खरवडलेली लव,
गाठी बांधून छतापर्यंत रचलेली.
मऊ. बाया टेकून बसल्या.
कोणीतरी म्हणालं, झोप येऊन रायली वो.
त्या गाठींवर कुठला पत्ता असतो
ते फक्त मला माहीत होतं.
ही लव तेजाबात भिजते,
मग तोफगोळ्यामागची दारू होते.
महिन्याला दोन ट्रक.
पावतीवर सही माझी, वळणदार.

"बाबू, तुमी तर पेपर वाचता.
होईन का लढाई?"

मी तोंड उघडलं. चुन्याची चव आली.
एवढ्या वर्षांच्या मतांतलं
एकही तिच्या मापाचं निघेना.
मत द्यायला ती दर वेळी जाते,
बोटाची शाई आठवडाभर लवेत पुसत राहते.
मत विचारायला कोणी आल्याचं
मला तरी आठवत नाही.
म्हणून विचारलं, "तुले काय वाटते?"

बराच वेळ काहीच नाही.
मग गाठींच्या बाजूनं आवाज आला,
"ज्यानं भोंगा वाजवला
त्यानंच सांगावं ना बाप्पा,
घरी केव्हा जाचं."

मी कागद पुन्हा पाहिला. मागूनही पाहिला.
दुसऱ्या भोंग्याची वेळ त्यावर नव्हती.
तहसीलचा फोन लागला नाही.
साहेबांचा लागला, त्यांनी उचलला नाही.
बायांचे डबे उघडल्याचा वास आला,
जवसाची चटणी, शिळी भाकर.
मलाही अर्धी मिळाली.

अकराला उठलो आणि बटण दाबलं.
वरून परवानगी आलेली नव्हती.

अजूनही ठेल्यावर जातो.
लोणकर विचारतो, काय बाबू, आज कोणता देश?
मी म्हणतो, सुपारी बारीक कर.
सोमवारी दोन ट्रक लागायचे आहेत.
वजन बरोबरच येईल.