करकर

सुभाषनगरच्या पत्र्याच्या खोलीत
धोंडिराम आबांचे तळवे माझ्या मांडीवर.
जन्मभर दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतली,
आणि आता लाजतात,
"पोरी, पायाला हात नगं लावूस."
मी खोबरेल जिरवत राहते
टाचेच्या भेगांत.

परवापर्यंत दारातूनच ओळखायचे,
"आली शालन. डावं पायताण जादा करकरतंय,
आण हिकडं, बघतो."
मग चमच्यानं पेज. दोन घोट,
तिसरा हनुवटीवरून खाली.

काल डोळे मिटले ते उघडेनात.
नर्सताई म्हणाल्या,
कान शेवटपर्यंत जागे असतात.

आज उंबऱ्याशी पायताण काढलं,
पुन्हा घातलं,
आणि तशीच आत गेले.
कॉटभोवती, हळूहळू,
डाव्या पायावर
भार देत.