पासंग

लक्ष्मीपुरीत, धान्य लायनीच्या तोंडाला
साडेचार फुटाचं माझं दुकान :
शिकलगार वजनकाटा दुरुस्ती.
वडलांपासून.
खरं बोलतोस का, असं मी माणसाला विचारत नाही,
काट्याला विचारतो.

त्या मे महिन्यात शटर खाली.
तवनाप्पा मगदूमचा रोज फोन :
"हुसेनभाई, मरायचं ते मरतंयच की.
व्याज थांबलंय काय कुणाचं?"
मी म्हणायचो, व्हय.
रात्री सीपीआरमधनं भाची बोलायची, शमा,
पिशवीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज :
"मामू, अजून पंधरा दिवस बंद ठेवायला सांगा लोकांना."
जसं काय लोक माझं ऐकतात.
मी म्हणायचो, व्हय बेटा.

दोन्ही व्हय खरे होते.
दोन पारड्यांत टाकून बघितले.
दांडी हलेना,
मग हलली ती थांबेना.

एकदा पास काढून दवाखान्यात नेलं मला.
बाळांचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता.
जिन्याखालचं दार उघडं राहिलेलं.
आत कुणी रडत नव्हतं.
रडायलाही दम लागतो.
मी काटा शून्यावर आणला.
त्यांनी एक बाळ ठेवलं : दोन किलो दीडशे.
येताना ठरवलं, शटर उघडायचं नाही.
कुणासाठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पारूबाई चौगुले, वडणग्याची.
महापालिकेच्या गाडीत फेकलेला तराजू
हातापाया पडून परत आणलेला,
दांडी वाकलेली.
"मेथी घरात कुजतीया, दादा.
सात ते अकरा बसू देत्यात म्हणं.
काट्याबिगर काय पदरानं मोजू?"

अर्धं शटर वर केलं.
दांडी ऐरणीवर घेतली, तीन ठोके.
डाव्या पारड्याच्या साखळीला
चिंधीत बांधलेला चिंचोका होता, पासंगाचा.
सोडला. म्हटलं, आता लागायचा नाही.
ती हसली, मास्क हनुवटीवर.
माझाही.
"पैसे उद्या आणते."

तिसऱ्या दिवशी मला ताप.
तिनं मला दिला,
की मीच जिन्याखालनं आणून तिला?
चौदा दिवस पत्र्याकडं बघत हेच तोलत पडलो.

बाजार उघडला.
तवनाप्पा गल्ल्यावर बसला, निम्मा झालेला.
शमा दोन दिवस नुसती झोपली.
पारूबाईच्या जागेवर दुसरीच कुणी, कोथिंबीर घेऊन.
विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं."
वडणगे पंचगंगेपलीकडं,
सायकलनं अर्धा तास.
मी अजून गेलो नाही.

आता चहाच्या गाड्यावर
एक म्हणतो, बंद करायलाच नको होतं.
दुसरा म्हणतो, आणखी आधी करायला पाहिजे होतं.
दोघांचे आकडे पाठ.
तिसरा बिस्कीट बुडवत म्हणतो,
"एवढ्या मोठ्या देशात शेदोनशे माणूस
पासंगाला पुरत नाही, मर्दा."
मी कप ठेवतो.

ड्रॉवरमध्ये चिंचोका आहे, चिंधीसकट.
नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून बघितला एकदा.
एक ग्रॅम.
शून्य.
एक ग्रॅम.
आकडा ठरेना.