अडीच आटे

माह्या डोक्यात गावची पाइपलाइन हाय.
कागद होता एक पंचायतच्या अलमारीत,
थो उदईनं खाल्ला.
आता कोणता वॉल कुठं
हे मले माहीत, अन् जमिनीले.

समाजमंदिरापाशीचा डावीकडं अडीच आटे.
तीन फिरवला की कोलामपोडावर पाणी चढत नाही.
शाळेमागचा उलटा बसला, बसवणारा मेला,
त्याले उजवीकडं खोला लागते,
खोलतांना जरासं थांबा लागते,
आत हवा खाकरते,
मंग पाणी.

बावीस वर्षं हेच.
नळपट्टी वसूल झाली तं माह्या घरी मीठ.
पी.एफ. म्हणजे काय, थे
मले नंदा तागडेनं सांगतलं,
आर्णीच्या बसस्टँडवर, केळं सोलता सोलता,
अन् युनियनची दहा रुपयांची पावती फाडली.
माह्या नावाची पयली पावती.
पुंजाराम सोमाजी ढोले.
पदनाम : पाणीपुरवठा कर्मचारी.
मी समजत होतो, मी नळवाला.

मंग ठराव आला, पाणी ठेकेदाराले.
घरोघरी मीटर बसन,
कार्ड टाकलं तं धार, नाही तं खाली गुंड.
आमी एकशे चाळीस जणं
जिल्हा परिषदेसमोर सतरंज्या टाकून बसलो.
दुपारी नंदाताईनं मोबाइलात दाखवलं :
तिकडं युरोपात, गावाचं नाव मले वाचता नाही आलं,
बर्फात उभे होते लोकं,
नर्सा, बसवाले, कचरा उचलणारे,
आपल्यासारख्याच पट्ट्या छातीवर.
"हे कायले भांडतेत व? तिकडं तं सारंच असते."
"म्हणूनच तं," थे म्हणे,
"हाय थे जाऊ नये म्हणून."
त्यातल्या एका म्हाताऱ्याकडं मी पाहत राह्यलो.
इतक्या थंडीत गुडघे धरले असतीन त्याचे.

इकडं विहिरीवर बाया माह्या बायकोले बोलल्या,
"तुह्या माणसानं गाव तहानलं ठेवलं."
तिनं गुंड भरला, डोक्यावर घेतला, घरी आली.
मले काही म्हणलं नाही.
त्या बायाइले द्यायले
माह्यापाशी आजही उत्तर नाही.

चौथ्या दिवशी ठेकेदारानं पोट्टा पाठवला,
लंकेश टेकाम, पोडावरचाच.
हातात नवा पाना.
त्यानं शाळेमागचा वॉल डावीकडं पिळला.
आटे तुटले, रस्त्यावर तळं झालं,
पाटलाच्या दोन म्हशी त्यात बसल्या
अन् उठाले तयार नाहीत.

त्याच राती मी कपडे घ्याले घरी आलो होतो.
दारात थो.
चिखलानं भरलेला, मान खाली.
"काका, पोडावर दोन दिवस झाले पाणी नाही.
मावशी बाळंत हाय."
"किती देते ठेकेदार तुले?"
"सहा हजार म्हणे. अजून देल्ले नाही."
"कागद?"
"कायचा कागद?"

बॅटरी त्याच्या हातात, पाना माह्या.
पयले शाळेमागचं भोक रबरानं आवळलं,
मंग समाजमंदिर.
त्याचा हात धरून फिरवला : एक, दोन,
अन् हा अर्धा, इथं थांब,
कान लाव.
खालून पाणी चाललं पोडाकडं,
म्हातारं माणूस चढणीनं जाते तसं,
थांबत थांबत.

संप मोडला का मी?
सकाळी नंदाताईले सांगतलं.
थे बराच वेळ बोलली नाही.
मंग म्हणे, "पंचायतच्या रजिस्टरात
पोडाच्या नळाची नोंद हाय का?"
"नाही."
"मंग संपात कुठून आलं थे."
हासली नाही मात्र.
सतरंजीचा कोपरा सरळ करत बसली.

बाकीचे वॉल मी लंकेशले सांगतले नाहीत.
आठव्या दिवशी थो मंडपात आला,
पाना ठेकेदाराले वापस करून.
पावती फाडाले त्याच्यापाशी दहा रुपये नव्हते,
मी टाकले.
ठराव अजून टेबलावर हाय,
अन् दहा रुपये उधार.