थंड भट्टी

कर्नाक बंदरला लखमशीशेठच्या पेढीवर
एकोणतीस वर्षं सळ्यांची वजनं लिहिली मी,
आठ मिलिमीटर, बारा, सोळा.
सकाळचा फोन ठेवून शेठ चहा सांगतो की नाही
यावरून आम्ही बाजार ओळखायचो.

त्या वर्षी चहा बंद झाला.
दारूखान्यात भंगाराचे ढीग कुणी हलवेना,
ट्रकवाले ट्रकच्याच सावलीत पत्ते कुटत बसलेले,
आणि पेपरात रोज एक तज्ज्ञ
पोलादाचं तेरावं घालत होता.

मी रजा टाकून खोपोलीपलीकडची ती मिल बघून आले.
दोन भट्ट्या. एक चालू, एक गार.
गार भट्टीच्या क्रेनवर एक माणूस चढलेला,
विश्राम हडकर, हातात ग्रीसचा डबा.
"बंद आहे ना ही?" मी खालून विचारलं.
"बंद आहे म्हणूनच," तो म्हणाला,
"चालत्या यंत्राला सगळेच बघतात, बाई."

परतताना एसटीत वही काढली.
कर्ज: आमच्या शेठच्या उधारीएवढंही नाही.
तोटा: आहे.
नवी बांधायला जेवढे लागतील
त्याच्या चौथ्या हिश्शात अख्खी मिल बाजारात पडून.
आणि सगळ्यात खाली, एकच शब्द: ग्रीस.

एकोणीसला घेतला. अकरा झाला. पुन्हा घेतला.
सात झाला.
दीर म्हणाला, वहिनी, पडती भिंत अंगावर घेताय.
पाटल्या मोडल्या नाहीत, एवढंच माझं शहाणपण.
भांगाचं पाणी, शेजारची मोतनबाई म्हणायची,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
नवऱ्यासारखं नुसतं पडून असतं.
चार वर्षं पडून होतं.

(आणखी एक घेतली होती, सिमेंटची. स्वस्तात स्वस्त.
तिचं कर्ज नीट वाचलं नव्हतं.
तिचे कागद पापडाच्या डब्याखाली अंथरलेत.)

मग एका मंगळवारी पेढीवर चहा आला.
पुढच्या महिन्यात बिस्किटं.
पुढच्या वर्षी दिवाळी नसताना पेढे.
मिलला इतका नफा, की वर चढलेला शेअरही
कमाईच्या जेमतेम चौपट, स्वस्तच दिसायला लागला.
दीर म्हणाला, आता घेऊ या.
मी तेव्हा विकत होते. एकशे बाराला.
नंतर दीडशेला गेला, तेही वहीत आहे.

पेढ्यांचा पुडा घेऊन मिलवर गेले.
दोन्ही भट्ट्या लाल, बोलणं ऐकू येईना.
क्रेनवर कुणी कोवळा पोरगा.
"हडकर?" गेटवरचा म्हणाला,
"त्यांना दुसऱ्याच वर्षी काढलं. मंदी होती ना, मॅडम."

पुडा गेटवरच ठेवला.
घरी येऊन त्या वर्षाचं पान उघडलं.
मजुरीचा खर्च घटवला, असं लिहिलेलं,
माझंच अक्षर,
आणि त्यापुढे बरोबरची खूण,
लाल शाईत, दोनदा गिरवलेली.