माझ्या हद्दीत आढळला नाही

सदतीस वर्षं मी केंटकीच्या डोंगरात टपाल वाटलं.
पत्ता अर्धा असो, अक्षर किरटं असो,
'पुलापलीकडच्या आत्याला' एवढंच असो,
पत्र पोचवलं.
निवृत्त झालो आणि लागलो
ॲब्सलम थ्रेलकेल्डच्या मागे.
माझ्या खापरपणजोबांचा आजा, की त्याचाही बाप?
मोजताना बोटं अडखळतात, मग मी कॉफी ओततो.

घरच्या बायबलात जन्ममृत्यूंचं पान आहे.
त्यातली त्याची ओळ कुणीतरी कात्रीने काढून घेतलीय,
सरळ, सावकाश, शिवणकाम येणाऱ्या हाताने.
फटीतून मागच्या पानावरची वंशावळ दिसते,
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा.

कचेरीतल्या वह्यांत तो आहे, पण एका जागी बसत नाही.
कारकुनाने कानाला आलं ते लिहिलं:
थ्रेलकेल्ड, ट्रेलकिल, थर्लकेट,
एकदा नुसतंच 'ओढ्यापल्याडचा'.
१७९२: एक घोडा, जमीन शून्य.
१७९४: दोन घोडे, दोनशे एकर,
पांढऱ्या ओकपासून बीचच्या जोडझाडापर्यंत,
तिथून ओढ्याच्या वळणाने, निघालो तिथे परत.
ओक गेला. बीच गेला.
ओढा कोळशाच्या कंपनीने हलवला.
त्याआधी शॉनी लोक तिथे मीठ उकळायला येत;
त्यांच्यासाठी वहीत रकाना नाही.

घोडा हरवला तेव्हा त्याने वर्णन लिहवून घेतलं:
तांबडा, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय पांढरा,
मानेवर जुन्या जखमेचा वण, वय सहा.
तो घोडा आज रस्त्यात भेटला तर मी ओळखेन.
मालकाचे डोळे कुठल्या रंगाचे, देव जाणे.

लिहिता येत नव्हतं. खरेदीखतावर फुली.
पण डुकरांच्या कानांची खूण त्याने नोंदवली होती:
डावा शेंड्याला कापलेला, उजव्याला खालून खाच.
म्हणजे सही होती त्याची,
रानात ओकची फळं उकरत हिंडणारी.

मग १७९८. उसनवारी, दावा, समन्स.
समन्सच्या पाठीवर शेरीफ टालफर्डचा शेरा:
'माझ्या हद्दीत आढळला नाही.'
मी मोठ्याने हसलो,
ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
शेरीफदादा, तुम्ही सहा आठवडे उशिरा पोचलात,
मी दोनशे वर्षं. शेरा तोच.
हा शिक्का मी हजारो पाकिटांवर मारलाय.

त्याच दप्तरात लिलावाची यादी होती.
मी ती वाचणार नव्हतो;
भांड्याकुंड्यांत माणूस कुठला सापडायला?
कुऱ्हाड, नांगराचा फाळ, दोन बिछाने,
घोडा (कुठला, ते लिहिलेलं नाही).
शेजाऱ्यांनी बोल्या चढवत घेतलेलं सगळं.
आणि मध्येच एक ओळ:
लोखंडी काहील, नग एक. घेणार कझाया थ्रेलकेल्ड.
एक पेनी.

एक पेनी.
तिच्या आधीच्या तुटक्या खुंटाळ्यालाही चार मिळालेत.
म्हणजे ती बोलली, आणि अंगणभर माणसं
आपापल्या बुटांकडे बघत राहिली.
कुणी खोकलंसुद्धा नसेल.
ते गप्प राहणं कुठल्याही वहीत नाही,
पण त्या आकड्यात ऐकू येतं.

काहील बहिणीच्या, लुरलीनच्या, दारात आहे.
पूर्वी कुणीतरी त्यात साबण करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.
काठाला चीर, एक पाय तुटका, खाली वीट.
गाडीत बसून मी फोन लावला.
"लुर, काहिलीत काय आहे सध्या?"
"पाणी. पावसाचं. कुत्रा पितो. का रे?"

आत उचलून ठेव, म्हणणार होतो.
"पिऊ दे," म्हटलं.
मग हवापाण्याचं बोललो, तिच्या गुडघ्याचं बोललो.
कात्रीचं काही काढलं नाही.