पाणी कुठवर

दुसाने बुधवारी येतात.
चारची वेळ, चार वीसला दारात चपला,
आणि चपलांच्या आधी हसू:
'कॅनडा कॉर्नरला सिग्नल लागला हो.'
सलग सहा बुधवार तोच सिग्नल लाल.

मग सोन्याचा भाव. जावयाची नवी गाडी.
टेबलावर पावशेर चिवडा, 'तुमच्यासाठी, ताजा.'
मी दिलेला तक्ता घडीसकट परत.
रोज रात्री मनाला एक ते दहा आकडा द्यायचा होता;
सात रिकाम्या चौकटी, कोपऱ्यात
कुणाच्या तरी बांगड्यांचा हिशेब:
साडेतीन तोळे, घट वेगळी.

पाचला चार कमी असताना,
हात कडीवर,
'तसा परवा रात्री रामसेतू पुलावर बराच वेळ उभा होतो.'
बाहेर पुढची मुलगी खोकते.

गायधनी मॅडमना त्याच संध्याकाळी सांगितलं.
उशीर, चिवडा, कडी.
म्हटलं, त्यांना बरंच व्हायचं नाही.
मॅडमनी चष्मा पुसला. पुसतच राहिल्या.
'त्यांची यादी झाली. आता तुझी सांग.'

माझी?
चिवडा घेतला. सहाही वेळा.
सिग्नलवर हसले.
चार दहापर्यंत ते आले नाहीत की
मला हलकं वाटायचं,
हे वहीत कुठेच नव्हतं.
'आणि कडीवर हात होता तेव्हा?'
'म्हटलं, पुढच्या बुधवारी बोलू.'

मॅडम काही बोलल्या नाहीत.
फोन माझ्यापुढे सरकवला.

सकाळी अकराला बोलावलं, अकरा बाराला आले.
पुडी मी टेबलावरच राहू दिली.
म्हटलं, 'आज कडीवरचं आधी.
उशिराचंही बोलू. मी रागावले नाही.
म्हणजे, थोडी रागावले होते.'
पहिल्यांदाच त्यांनी मला
कसोटीवर घासून पाहिल्यासारखं पाहिलं.

तक्ता उलटा केला. कोऱ्या बाजूला
वेडावाकडा दुतोंड्या मारुती काढला.
'आकडा नको. पाणी कुठवर, तेवढं दाखवा.'

सराफ बाजारातला माणूस.
पुरात दुकानातली कपाटं किती वेळा माळ्यावर चढवली असतील.
हसू गेलं. बोट पायांपासून निघालं,
गुडघे, कंबर,
छातीशी थांबलं.
मग अजून वर.

'इथं,' म्हणाले.

मी घड्याळ पालथं ठेवलं,
मग पुन्हा उभं केलं, दोघांच्या मधे.
वेळ त्यांनाही दिसायला हवी.