नळी क्रमांक सहा

अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन,
चिमटीत मावेल एवढं मीठ,
आणि अगारोज, चायना ग्रासच्याच घराण्यातलं.
त्याची किंमत ऐकून इरप्पानं
कपाळाला हात लावला होता.

नुसत्या पाण्यात स्फटिक घाई करतात.
जन्मले की बुडतात,
तळाशी एकमेकांना चिकटून बसतात
ओल लागलेल्या साखरेसारखे.
जेलमध्ये पाणी वाहत नाही.
मीठ येतं ते अंगणात रांगत आल्यासारखं,
आणि जो जिथं धरला तो तिथंच वाढतो,
अधांतरी.

बाहेर चव्वेचाळीस अंश.
होटगी रोडचं डांबर चपला सोडत नव्हतं.
दुपारी वीज गेली, तेव्हा इरप्पानं
नळ्यांचा खोका ओल्या चादरीत गुंडाळून
माठाला टेकवून ठेवला. मला न विचारता.
पाच नळ्या तरीही गढुळल्या.
सहावीत, सव्विसाव्या दिवशी,
मोहरीहून लहान काहीतरी
उजेडाला कोपरा दाखवत होतं.

इंदूरला किरणांची एक रात्र मिळाली.
मांडीवर थर्मास, थर्मासात नळी,
रस्त्यातला प्रत्येक खड्डा मी पोटात घेतला.
स्फटिक बाहेर काढलाच नाही,
जेलसकट धरला किरणांसमोर.

आधी नुसतं धुकट कडं. ते जेलचं.
मग एक ठिपका.
मग ओळीनं ठिपके, ओळीखाली ओळ,
आणि मला साखर पेठेतली आमची खोली आठवली.
नान्ना जेकार्डचे पत्ते टोचायचे.
भोकांवरून बोट फिरवून सांगायचे,
ही मोराची मान. इथं पिसारा सुरू.
चादर अजून विणायचीच असायची.

माझ्याकडे ठिपके आहेत.
कोणता किती उजळ, तेही आहे.
कोणती लाट आधी निघाली, कोणती मागून,
ते मात्र वाटेत सांडतं, नेहमीच.

एकदा उंदरांनी पत्त्यांची दोरी कुरतडली होती.
तीन रात्री नान्ना फरशीवर पत्ते लावत बसले.
शेवटी एक उरलाच.
मोर एका डोळ्यानं आंधळा निघाला,
आणि पहिल्याच दिवशी विकला गेला.

पहाटे चारला इरप्पाचा फोन.
आलं का काही, हे त्यानं विचारलं नाही.
म्हणाला, मॅडम, खोका तर रिकामाच आहे आता,
चादर घरी नेऊ का?